वजनकाट्यावरचं स्टूल

माझ्या धाकट्या भावाला अख्खा बाजार मिलीग्राम म्हणतो. हे नाव ठेवलं ते एका चिडलेल्या सोनाराने. त्याचा तराजू आमच्याकडे दुरुस्तीला होता. सोनार म्हणाला, "झालं ना आता? द्या." भाऊ म्हणाला, "अजून दोन मिलीग्राम इकडे झुकतोय. परवा या." परवा सोनार दारातूनच ओरडला, "कुठे गेला तो मिलीग्राम?" आणि तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त दवाखान्याच्या कागदांवर उरलं. मला सगळे ताई म्हणतात. माझ्याहून वीस-वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा म्हणतात, कारण दुकानात पुढच्या टेबलाशी मी बसते आणि माझा राग नाकावर असतो हे सर्वांना ठाऊक आहे.

आमचं दुकान वजनकाटे दुरुस्त करण्याचं. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यामागे आम्ही दोघं चालवतो. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलते, पत्रं लिहिते, वाद घालते. हात चालतो तो भावाचा. मागच्या भिंतीशी त्याचं टेबल आहे, त्यावर काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू. केस ठेवला तर केसाचं वजन सांगणारा. वडिलांचा एकच नियम होता: पारडी बदलून बघितल्याशिवाय तराजूचं ऐकायचं नाही. डावीकडची वस्तू उजवीकडे, उजवीकडची वजनं डावीकडे, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तरच तराजू खरा. मी तो नियम ऐकला. भावाने तो अंगात मुरवला.

सव्विसाव्या वर्षी त्याला बंद रेडिओतून बातम्या ऐकू यायला लागल्या, आणि सगळ्या बातम्या त्याच्याबद्दलच असायच्या. ते दिवस मी इथे उगाळत बसत नाही. तिसऱ्या औषधाने रेडिओ गप्प झाला. त्या छोट्याशा पांढऱ्या गोळीला मी आजही मनातल्या मनात हात जोडते. पण तिने रेडिओ घेतला आणि बदल्यात पाय दिले. पाय दुखत नाहीत, बधिर होत नाहीत, फक्त थांबत नाहीत. "आतून ऊठ, ऊठ असं होतं," तो मला समजावून सांगायचा, आणि माझा चेहरा बघून घाईने पुढे म्हणायचा, "आवाज नव्हे ताई, घाबरू नकोस. पायच म्हणतात."

तो उभ्याने जेवायचा. एक घास ओट्याशी, दुसरा दाराशी. स्वयंपाकघरातल्या फरशीवर त्या वाटेपुरती चकाकी आली होती. आणि काम कसलं, तर ज्या तराजूसमोर श्वास जोरात सोडला तरी आकडा बदलतो, त्याच्यासमोर बसून करायचं. मिनिटभर बसायचा, उठायचा, दुकानाला फेरी मारायचा, परत बसायचा. पूर्वी तासाभरात होणाऱ्या कामाला दिवस लागायचा. तरी एकही तराजू त्याने अर्धवट सोडला नाही. हे मी कौतुकाने सांगते आहे, त्याच्या तोंडावर कधी सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पायांना कंटाळून त्याने कुणाला न सांगता गोळी बंद केली होती. पाय शांत झाले. महिन्याभराने रेडिओ बोलायला लागला, आणि एक दिवस हा घरातून गेला तो अकरा दिवस गेला. सापडला तेव्हा परक्या गावात एका बसथांब्यावर बसला होता, पायात चप्पल नव्हती आणि खिशांत आमच्या दुकानातली पितळी वजनं ठासून भरलेली. जगातल्या सगळ्या मापांत पाप आहे आणि ते तपासायचं काम त्याच्याकडे आलंय, असं तो सांगत होता. त्या अकरा दिवसांनी माझे केस पांढरे केले. बरा झाल्यावर त्याने मला शब्द दिला की पुन्हा स्वतःच्या मनाने गोळी बंद करणार नाही.

शब्द त्याने पाळला. पण या वर्षी तपासणीच्या दिवशी तो डॉक्टरबाईंसमोर उभा राहून म्हणाला, "मी माझ्या मनाने बंद करणार नाही. पण या पायांनिशी सगळं आयुष्य काढणं मला जमायचं नाही. तुम्हीच बंद करा, असं म्हणायला आलोय."

डॉक्टरबाई शांत होत्या. गोळी कमी करून बघितली होती, तर रेडिओ कुजबुजायला लागला होता. पायांसाठी दुसरी एक गोळी दिली होती, तर नाडी इतकी मंदावली की तो जिन्यात बसून राहिला. त्यांनी जुने कागद चाळले आणि म्हणाल्या, "एक गोष्ट राहिलीय. बी-सिक्स. जीवनसत्त्वच आहे. अशा तगमगीत काही जणांना त्याने आराम पडतो, काही जणांना नाही. मोठे अभ्यास फारसे नाहीत, त्यामुळे मी खात्री देणार नाही. आणि जीवनसत्त्व आहे म्हणून हवं तेवढं घ्यायचं नाही. जास्त मात्रेत फार दिवस घेतलं तर बोटं बधिर होऊ शकतात, आणि तुमचं पोट बोटांवर आहे. मी सांगेन तेवढंच, माझ्या नजरेखाली."

दुसरा कुणी असता तर बरं म्हणून चिठ्ठी खिशात घातली असती. आमचे मिलीग्राम विचारतात, "फरक पडला तर तो गोळीनेच पडला हे कसं कळणार?"

"म्हणजे?"

"आशेचंही वजन पडतं ना पारड्यात. ते वजा कसं करायचं?"

डॉक्टरबाई हसल्या, पण खुर्ची पुढे ओढून ऐकायला लागल्या. त्याने पारडी बदलायची योजना मांडली. एकसारख्या दिसणाऱ्या दोन प्रकारच्या कॅप्सूल करायच्या, एकीत जीवनसत्त्व, दुसरीत नुसता स्टार्च. पंधरा दिवस एक, पंधरा दिवस दुसरी, असे चार पंधरवडे. कुठल्या पंधरवड्यात काय आहे ते त्याला ठाऊक नसेल. प्रत्येक पंधरवड्याचा पहिला आठवडा सोडून द्यायचा, कारण आधीचा असर उरलेला असणार, आणि मोजायचं दुसऱ्या आठवड्यात. रोजची मुख्य गोळी मात्र चुकवायची नाही. "फरक पडला," तो म्हणाला, "तर मुख्य गोळी चालू, आणि मी तो विषय पुन्हा काढणार नाही. नाही पडला, तर ती बंद करून बघायची, तुमच्या देखरेखीत."

"आणि कॅप्सूल कोण भरून देणार?" बाईंनी विचारलं.

"ताई," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकं ते त्याच्या मते ठरलेलं होतं.

दवाखान्यातल्या औषधवाल्या काकांनी दोन बरण्या करून दिल्या. प्रत्येकीत तीस कॅप्सूल, लागणार होत्या अठ्ठावीस, दोन सांडल्या-हरवल्या तर म्हणून. दोन्हींतल्या कॅप्सूल तपकिरी, डोळ्यांना काडीचा फरक नाही. बरण्यांवर मात्र लिहिलेलं होतं, म्हणून त्या माझ्या कपाटात कुलूपबंद. दर पंधरवड्याला मी नाणं उडवायचं, जे येईल त्या बरणीतून चौदा कॅप्सूल एका कोऱ्या बाटलीत भरायच्या, आणि काय भरलं ते कागदावर लिहून लिफाफ्यात टाकायचं. दोनदा एकच बाजू पडली की पुढच्या खेपांना दुसरी, म्हणजे हिशेब सारखा राहील. लिफाफा आठ आठवड्यांनी डॉक्टरबाईंसमोर उघडायचा.

मोजायची तऱ्हाही त्याचीच. पोती तोलायचा एक जुना वजनकाटा दुकानात पडून होता, खाली लोखंडी फळी आणि वर मोठी गोल तबकडी. त्या फळीवर त्याने आपलं स्टूल ठेवलं. रोज दुपारी चार वाजता त्यावर बसायचं, दोन्ही पाय फळीवरच, दहा मिनिटं. माणूस स्वस्थ बसला तर तबकडीवरची सुई स्वस्थ. पाय हलले की सुई हलते. तबकडीवर खडूच्या दोन रेघा, सुई रेघेबाहेर गेली की एक. समोर मोबाईल टेकवून तो तबकडीचं चित्रण करायचा आणि नंतर बसून, म्हणजे फेऱ्या मारत, मोजायचा. काही सुरू करण्याआधी आठवडाभर असं मोजलं, तर रोजचा आकडा सत्तरच्या आसपास. गिऱ्हाइकं बघायची. सोनार म्हणाला, "स्वतःलाच विकायला काढलंय की काय?" भाऊ म्हणाला, "बोला, कितीला घेता?" आणि स्टुलावर दहा मिनिटं पुरी होईपर्यंत बसून राहिला, पाय हलताहेत ते सगळ्यांना दिसत असताना. मला लाजेने कुठे बघू असं झालं होतं. त्याला काहीच वाटलं नाही. सुई जे सांगते ते सांगते.

आता माझी करणी.

पहिल्या खेपेला नाणं उडवलं, स्टार्च आला. सकाळची वेळ होती, भाऊ स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होता. ओटा, दार, ओटा, दार. मी चौदा स्टार्चच्या कॅप्सूल बाटलीत घातल्या. त्या चकाकत्या फरशीवरून त्याची पावलं ऐकली. मनात आलं, अजून पंधरा दिवस याला मी पीठ चारणार आणि हा आशेने गिळणार. मला ते सोसलं नाही. बाटली परत ओतली आणि जीवनसत्त्वाच्या भरल्या. कागदावर मात्र लिहिलं, स्टार्च. दुसऱ्या खेपेला खरंच जीवनसत्त्व आलं. तिसऱ्या खेपेआधी मी औषधवाल्या काकांना कॅप्सूल ओल्या होऊन खराब झाल्याची थाप मारून आणखी तीस मागून घेतल्या, आणि चारही पंधरवडे त्याला जीवनसत्त्वच दिलं. मी स्वतःला समजावलं की औषध पोटात गेल्याशी मतलब.

पाय सुधारले. पहिल्या मोजणीच्या आठवड्यात आकडा सत्तरवरून बेचाळीसवर आला. तो एकदा पूर्ण जेवण होईपर्यंत बसला, शेवटच्या दोन घासांना उठला. मी तिकडे पाठ करून भांडी आपटली, नाहीतर रडले असते. वाटलं, बघ, केलं ते बरंच केलं.

आठ आठवड्यांनी आम्ही दवाखान्यात गेलो. पर्स उचलताना मी दोन्ही बरण्या पर्समध्ये टाकल्या. का टाकल्या ते तेव्हा सांगता आलं नसतं. डॉक्टरबाईंनी आधी त्याला डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावून बघितला. बोटं शाबूत होती. मग लिफाफा उघडला. भावाने वही काढली, आकडे कागदाशेजारी मांडले. बेचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.

"काहीच फरक नाही," तो म्हणाला. "स्टार्चवरही तेच, जीवनसत्त्वावरही तेच. म्हणजे जे सुधारलं ते आशेने सुधारलं. ती काही टिकायची नाही." मग वही मिटून अगदी हळू आवाजात, "ठरल्याप्रमाणे मुख्य गोळी बंद करून बघू या, डॉक्टर."

डोळ्यांसमोर बसथांबा आला. मी त्याच्या पारड्यात हात घातला होता, आणि त्याच हाताने त्याला अकरा दिवसांच्या वाटेवर उभं केलं होतं. आणि बिचारा खोटा आकडासुद्धा इमानाने मान्य करत होता. गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. डॉक्टरबाईंनी पेन हातात घेतलं तेव्हा मी पर्स उघडली आणि दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या. स्टार्चची गळ्यापर्यंत भरलेली. जीवनसत्त्वाची तळाशी चार.

भावाने एका बरणीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. मोजायला त्याला वेळ लागत नाही.

"चारही वेळा?" त्याने विचारलं.

"चारही वेळा."

"का?"

"तू उभ्याने जेवत होतास," मी म्हणाले.

तो रागावेल असं वाटलं होतं. मी त्याच्या जागी असते तर टेबल उलटं केलं असतं. तो विचार करत होता. "सुई दोन्हीकडे सारखीच दाखवायला लागली की दोन कारणं असतात," तो म्हणाला. "एक तर दोन्ही पारड्यांत वजन सारखं, नाहीतर सुई अडकलेली. मला वाटलं मीच अडकलोय."

तेव्हा मला एक गोष्ट सुचली, आणि सुचली ती रागाच्या रूपानेच. स्वतःची लाज वाटली की मी दुसऱ्यावर चिडते. "अरे शहाण्या," मी म्हणाले, "तुझ्या कोपराशी तो काचेच्या पेटीतला तराजू आहे. केसाचं वजन करतो. प्रत्येक बाटलीतली एकेक कॅप्सूल त्यावर ठेवली असतीस तर एका मिनिटात माझी चोरी पकडली असतीस. स्टार्चची आणि ही, वजनाला थोडीच सारखी असणार? आठ आठवडे तू कधी ठेवून बघितली नाहीस?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी विचित्रच विचारलंय. "ठेवली असती तर मला कळलं नसतं का काय आहे ते?" तो म्हणाला. "मग मोजायचं कशाला?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मी रुमाल शोधायला लागले. छप्पन्न दिवस, रोज, त्या तराजूसमोर बसून त्याने काम केलं. हाताच्या अंतरावर उत्तर होतं, आणि ज्याच्या पायांचा, ज्याच्या डोक्याचा प्रश्न होता तो माणूस उत्तराकडे बघत नव्हता. आणि मला पहिल्या दिवशी पहिला अर्धा तासही धीर धरवला नव्हता.

"पुन्हा करू," तो म्हणाला. "पंधरा दिवस काही न घेता, मग पहिल्यापासून."

बाईंनी होकार दिला आणि म्हणाल्या, "या वेळी बाटल्या इथे काका भरतील."

"नको," भाऊ म्हणाला. "ताईच भरेल."

"यांनी आत्ताच..."

"म्हणूनच. हिची चूक आता मला माहीत आहे. कुठल्या बाजूला किती झुकते ते कळलं की तराजू वापरता येतो."

निघताना काकांनी जीवनसत्त्वाची बरणी पुन्हा भरून दिली.

दुसऱ्या वेळी पहिल्याच नाण्याला पुन्हा स्टार्च आला. नशीब माझी परीक्षा घेतं म्हणतात ते असं. मी चौदा मोजल्या, बाटलीत घातल्या, झाकण लावलं आणि कपाटाला कुलूप घालून किल्ली घेऊन बाहेर जाऊन बसले. दहाव्या दिवशीही तो उभ्यानेच जेवत होता. ओटा, दार, ओटा, दार. किल्ली माझ्या मुठीत होती. एकदा तर मी कपाटापर्यंत गेले, दार उघडलं, बरणी हातात घेतली. बरणीतल्या कॅप्सूल वाजल्या आणि मला त्याचं "ताईच भरेल" ऐकू आलं. बरणी परत ठेवली. आयुष्यात मी पुष्कळांची मनं मोडली, पुष्कळांशी भांडले. इतकं अवघड काम एकही केलं नव्हतं.

दुपारी चार वाजता तो स्टुलावर बसला. तबकडीवरची सुई रेघांबाहेर उड्या मारत होती, गुडघे थरथरत होते, कपाळावर घाम. आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं माझीच नजर चुकतेय.

"ताई," तो म्हणाला, "सुई हलतेय."

काय भरलं ते माझ्या चेहऱ्यावर दिसू द्यायचं नव्हतं. टेबलावरचा कागद उगाच इकडचा तिकडे केला. "हलू दे," मी म्हणाले. "तू दहा मिनिटं पुरी कर."

लिफाफा उघडला त्या दिवशी आकडे होते सहासष्ट, त्रेचाळीस, एक्केचाळीस, चौसष्ट. कागदावर होतं स्टार्च, जीवनसत्त्व, जीवनसत्त्व, स्टार्च. डॉक्टरबाईंनी पुन्हा बजावलं की हे एका माणसाचं उत्तर आहे, सगळ्यांचं नव्हे, आणि मात्रा व बोटं दर तपासणीला बघायची. पायांची तगमग पूर्ण गेली नाही, एक्केचाळीस म्हणजे शून्य नव्हे. पण भावाने वही उघडून शेवटच्या ओळीत लिहिलं: मुख्य गोळी चालू. खाली सही केली, आणि वही माझ्याकडे सरकवली. मीही केली.

दुकानात आल्यावर त्याने माझ्याकडे उरलेल्या दोन कॅप्सूल मागितल्या, दोन्ही बरण्यांतली एकेक. चिमट्याने उचलून काचेच्या पेटीत ठेवल्या, एक या पारड्यात, एक त्या पारड्यात. पेटीचं दार लावलं. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. एक पारडं हळूच खाली गेलं. त्याने छोटी वजनं टाकून बघितलं, मग सवयीने कॅप्सूलची पारडी बदलून पुन्हा बघितलं.

"सदतीस मिलीग्राम," तो म्हणाला.

चार महिने त्याने न बघितलेला आकडा तो हाच. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. एक पाय हलत होता, एक स्वस्थ होता, आणि तो स्टुलावरून उठला नव्हता. मी आत जाऊन दोन ताटं वाढली आणि या वेळी त्याचं ताट ओट्यावर न ठेवता टेबलावर, माझ्या ताटासमोर ठेवलं.